माशांस अन्न की पाणी?

नर्मदास्नानास गेल्यावर घाटावरून माशांस कणकेच्या गोळ्या घालण्याची चाल आपल्यात जुनी आहे. भूतदयेचा हा संस्कार मुलांच्या मनावर लहानपणीच ठसतो, हे चांगलेच होय. परंतु गोळी पाण्यात पडली म्हणजे आपले कर्तव्य संपले काय, हा प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो.

१९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नर्मदेत माशांच्या ७७ जाती नोंदल्या गेल्या. त्यांत नामांकित मासा महाशीर. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. मोठ्या खवल्यांचा हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात, खडीगोट्यांच्या तळावर अंडी घालतो. इंदिरासागर (२००५) व ओंकारेश्वर (२००७) या धरणांनी ती वाट अडली. संथ पाण्यात खडीवर गाळ बसतो. जेथे प्रवाह उरला, तेथील वाळू उपसली जाते. कोळ्यांच्या जाळ्यांत एके काळी विपुल येणारा महाशीर आता दुर्मिळ झाला आहे.

धरणांस दोष देऊन मात्र आपणांस मोकळे होता येत नाही. इंदुरास १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते. आपल्या घरांतील विजेतही या धरणांचा वाटा आहे. जो घेतो, त्याच्यावर ऋण असतेच.

ते कसे फेडावे? मनूच्या ओंजळीत आलेल्या इवल्या माशाने अभय मागितले. मनूने त्यास घटात ठेविले. घट अपुरा पडताच तळ्यात, तळे अपुरे पडताच गंगेत, आणि अखेरीस समुद्रात नेऊन सोडिले. मनूने त्यास काय खाऊ घातले, यावर कथेचा भर नाही. दर वेळी अधिक पाणी दिले, यावर आहे. पुढे प्रलयात त्याच मत्स्याने मनूची नौका तारली. रक्षण म्हणजे केवळ घास देणे नव्हे, जगण्यास जागा देणे होय, असा बोध आम्ही यातून घेतो.

म्हणून ज्यांच्या घरी मासे शिजतात, त्यांनी १६ जून ते १५ ऑगस्ट या बंदीच्या काळात नदीचा मासा घेऊ नये. घर बांधताना वाळू कोठून आली, हे विचारावे. निर्माल्य व साबण पाण्यात सोडू नयेत. पावसाळ्यात धरणांखाली पुरेसा प्रवाह राहावा, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून करावी. गोळ्या अवश्य घालाव्यात; परंतु त्या खाण्यास नदीत मासा उरेल, याचीही काळजी वाहावी, एवढीच सभासद कुटुंबांस नम्र विनंती.