दोष बोरूचा की हाताचा?

सेवानिवृत्तीनंतर आम्ही बोरू तासून अक्षर गिरवावयास आरंभ केला. नदीकाठचा बरू आणून वाळवावा, एका पेराचे टोक तिरपे तासावे, आतला गाभा खरवडून काढावा, टोकाच्या मधोमध बारीक चीर द्यावी आणि शेवटी कठीण लाकडावर ठेवून एका घावात टोक छाटावे. सांगावयास हे सोपे वाटते. परंतु चीर वाकडी गेली की शाई थेंबाने गळते, छाट चुकली की रेघेची जाडी बिघडते. पहिले आठ-दहा बोरू आम्ही केरात टाकले.

आम्हां सुरतकर मराठी मंडळींना येथे एक गंमत सहज कळेल. गुजरातीत बरूच्या लेखणीला ‘कित्तो’ म्हणतात. मराठीत ‘कित्ता’ म्हणजे जे समोर ठेवून गिरवावयाचे ते अक्षर. इकडे जे साधन तेच तिकडे आदर्श. घरी मराठी आणि शाळेत गुजराती गिरवून वाढलेल्या आमच्यासारख्याला हा योगायोग विचार करावयास लावतो. अक्षर बिघडले तर दोष कोणाचा: साधनाचा, समोरच्या नमुन्याचा, की लिहिणाऱ्याचा?

जुन्या लेखकांनी या प्रश्नाची दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत. पोथ्यांच्या नकला करणारे लेखनिक शेवटी एक ठरावीक संस्कृत श्लोक लिहीत. त्याचा भाव असा की, जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले. शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. कोणी पुढे असेही जोडीत की, पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिले आहे, तरी जपून ठेवा. लिहिताना चूक लक्षात आली तर त्यावर पिवळा हरताळ फासून ती झाकीत. आपण बोलण्यात ज्या कशावरही ‘हरताळ फासतो’, तो हाच.

दुसरे उत्तर समर्थ रामदासांचे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. आरंभीचे अक्षर आणि ग्रंथाच्या शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिलेले वाटावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. येथे सबबीला जागा नाही. हात थकला, लेखणी झिजली, दिवस मावळला, याच्याशी वाचणाऱ्याला काय करावयाचे?

आम्ही महसूल खात्यात नोकरी केली. आपल्याकडे थट्टेने ज्यांना बोरूबहाद्दर म्हणतात, त्या वर्गातले आम्ही. हाताखालच्यांना आमचे अक्षर लागत नसे, आणि साहेबाचे अक्षर लागत नाही हे मोठेपणाचे लक्षण आहे, असे आम्हांला मनातून वाटत असे. एका टिपणात आम्ही सर्व्हे नंबर घाईने लिहिला. देवनागरी असो वा गुजराती, एक आणि नऊ या आकड्यांत एका वळणाचाच फरक. कारकुनाने एकाचा नऊ वाचला आणि एका वृद्ध विधवेचे नाव भलत्याच जमिनीला लागले. ती बाई तीनदा गावाहून आली. तिसऱ्या खेपेला चूक सापडली, दुरुस्तीही झाली. मात्र कागदावर आम्ही शेरा मारला : ‘नकलेतील चूक’. कारकून काही बोलला नाही. त्याने जसे पाहिले तसे लिहिले होते. पोथीच्या लेखनिकाला जी क्षमा शतकानुशतके मिळत आली, ती आम्ही आमच्या कारकुनाला दिली नाही. कारण या खेपेस अशुद्ध मूळ प्रत आमची होती.

यावर कोणी म्हणेल, अक्षराचा आणि नीतीचा संबंध काय? खोटी सही करणाऱ्याचे अक्षरही सुबक असते, आणि अन्यायाचा हुकूम मोत्यासारख्या अक्षरात लिहिता येतो. हे आम्हांला मान्य आहे. गांधीजींचे अक्षर चांगले नव्हते; म्हणून त्यांच्या चारित्र्याला उणेपणा आला नाही. पण त्यांनी स्वतः काय केले ते पाहावे. आत्मकथेत त्यांनी वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानले आणि आपल्या अक्षराची लाज वाटल्याचे मोकळेपणाने लिहिले. सुंदर अक्षर हा सद्गुण नसेल. परंतु वाचणाऱ्याचे कष्ट गृहीत धरणे हा दोष आहे, आणि तो झाकणे हा त्याहून मोठा दोष आहे.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. आता सात-बारा संगणकावर निघतो, एक आणि नऊ यांत घोटाळा होत नाही. मग बोरूची ही साधना कशाला? याचे उत्तर संगणकाच्या पडद्यावरच आहे. आपण ज्या ‘मंगल’ टंकात मराठी वाचतो, तो र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडविला. ते मुळात सुलेखनकार. पडद्यावरचे अक्षर सुवाच्य आहे, कारण कोणीतरी लाखो अनोळखी वाचकांसाठी आधी हात झिजविला. यंत्राने कष्ट नाहीसे केले नाहीत. ते एकाने सर्वांच्या वतीने सोसले. आणि आकडा कितीही स्वच्छ छापला, तरी तो बरोबर आहे की नाही हे पाहणारा डोळा माणसाचाच लागतो.

बोरूने आम्हांला शिकविले ते एवढेच. विकतच्या पेनाला नावे ठेवता येतात. शाई, कागद, कारकून, सारे हाताशी असतात. स्वतः तासलेला बोरू मात्र बोट दाखवावयास कोणी शिल्लक ठेवीत नाही. चीर आपणच दिली, छाट आपणच मारली. फाटलेली रेघ समोर दिसते आणि तिच्यावर ‘नकलेतील चूक’ असा शेरा मारता येत नाही.

तो कारकून आज हयात नाही. त्याची क्षमा मागावयाची राहून गेली. रोज सकाळी आम्ही एक ते नऊ आकडे सावकाश गिरवितो. एकाचे शेपूट कोणीकडे वळते, ते आता आमच्याकडून चुकत नाही.