झाडानं दिलेलं आणि आपण बदललेलं

आमच्या मढमध्ये कुणी आजारी पडलं की शेजारपाजारचे गोळ्यांची पट्टी घेऊन माझ्याकडे येतात. "ताई, हे झाडपाल्याचं की केमिकलचं?" झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, ही त्यांची खात्री. सेंद्रिय संश्लेषणात उमेदीची वर्षं घालवल्यामुळे मला ही वाटणीच पटत नाही. झाड रेणू घडवतं ते स्वतःच्या गरजेपुरते, आपल्या आजारांसाठी नव्हे.

मुलुंडच्या होएक्स्ट संशोधन केंद्राचं काम मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. डायसोझायलम बायनेक्टरीफेरम या झाडातून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी रोहिटुकिन वेगळं केलं. दाह कमी करण्याचा गुण त्यात होता. 1988 मध्ये त्यांनी त्याची रचना आणि संपूर्ण संश्लेषण प्रसिद्ध केलं.

त्यातली एक पायरी मला विशेष आवडते. हायड्रोबोरेशननं पिपेरिडिनच्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट बसतो खरा, पण शेजारच्या बेंझीन कड्याच्या विरुद्ध बाजूला. झाडातल्या रेणूत दोन्ही एकाच बाजूला असतात. म्हणून ऑक्सिडेशन करून त्याचा कीटोन करायचा आणि पुन्हा क्षपण करून बाजू फिरवायची. अशा कामात मिश्रणातले घटक दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर दोन ठिपके जवळजवळ चिकटून येतात आणि ते वेगळे करताना कॉलमपाशी रात्र जाते, हे मी अनुभवलं आहे.

एवढा खटाटोप झाडाची नक्कल करण्यापुरता नसतो. रेणू हातानं बांधता आला की त्यातला हवा तो भाग बदलता येतो. रोहिटुकिनमधल्या क्रोमोनच्या कड्यावर झाडानं जिथं मेथिल गट ठेवला होता, तिथं क्लोरोफेनिल आला आणि फ्लेवोपिरिडॉल तयार झालं. पेशींच्या विभाजनाला चालना देणारी सीडीके विकरं ते अडवतं. या वर्गातलं माणसांवर तपासलं गेलेलं ते पहिलं औषध.

पुढची वाट सोपी नव्हती. माणसाच्या रक्तद्रवातल्या प्रथिनांना ते घट्ट चिकटतं, त्यामुळे वासराच्या सीरममध्ये वाढवलेल्या पेशींवरून ठरवलेली मात्रा रुग्णांत अपुरी पडली. मग डोसाचा काही भाग अर्ध्या तासात आणि उरलेला चार तासांत शिरेतून देऊन पाहिला. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत त्याचा परिणाम दिसला. काहींच्या कर्कपेशी इतक्या झपाट्यानं फुटल्या की त्यांतून रक्तात उतरलेली द्रव्यंच जिवावर बेतू लागली.

2015 मध्ये पॅल्बोसिक्लिब या सीडीके अडवणाऱ्या दुसऱ्या रेणूला अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तो तर कुठल्याच झाडात सापडत नाही.