जनकाचा खर्च

बँकेत वीस वर्षे काढलेला माणूस कागदाला भीत नाही. ऑडिटरचा शेरा येवो, नाहीतर वरच्या ऑफिसचा खुलासा मागणारा लखोटा येवो, आम्ही आधी चहा संपवतो आणि मग वाचतो. पण पोराच्या शाळेतून निरोप आला की माझ्या पोटात गोळा येतो. परवाचा निरोप असा होता: ‘आपल्या पाल्याची स्नेहसंमेलनातील सीतास्वयंवर या नाटिकेत जनक राजाच्या भूमिकेसाठी निवड झाली आहे. अभिनंदन! वेशभूषेची व्यवस्था पालकांनी करावयाची आहे.’

अभिनंदन आणि खर्च यांच्यात एका उद्गारचिन्हाचे अंतर होते.

आता आष्ट्यात ऊस मिळतो, हळद मिळते, पण राजाचा मुकुट मिळत नाही. तेव्हा रविवारी पोराला घेऊन एसटीने सांगली गाठली. ड्रेपरीच्या दुकानात भिंतीला राम, रावण, वासुदेव, पोलीस असे सगळे एकाच दांडीला गुण्यागोविंदाने लटकत होते.

मालकाने विचारले, “राजा कसला पायजे? साधा का भारी?”

मी म्हणालो, “जनक. साधा चालेल.”

“जनक साधा कसा चालंल? घरात पोरीचं लगीन हाय नव्हं त्याच्या?”

या युक्तिवादाला बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते. पितांबर, शेला, मोत्यांची माळ, बाजूबंद आणि मुकुट मिळून एका दिवसाचे भाडे सातशे. अनामत पाचशे वेगळी. मिशीचे तीस रुपये आणखी. मिशी परत घेत नाहीत, ती कायमची आपली.

येताना एसटीत मुकुट मांडीवर घेऊन बसलो आणि विचार करू लागलो. आमची सांगली म्हणजे मराठी नाटकाचे माहेर. १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी इथेच नाटक केले, आणि तेही सीतास्वयंवरच! आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले आणि आपल्या भाषेत असे काही करा म्हणून भाव्यांना सांगितले. भाव्यांनी ते केले. त्या नाटकातही जनक होता, मुकुट होता, दागिने होते. पण राजाने हुकूम सोडला आणि खर्चही राजानेच सोसला. जनकाचे काम करणाऱ्याच्या बापाला कोणी ड्रेपरीच्या दुकानात पाठवले नाही. ही पद्धत मला फार सरळ वाटते. ज्याला नाटक हवे, त्याने पेटी उघडावी. १८५१ साली अप्पासाहेब वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. तेव्हापासून नाटकाचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न जो लोंबकळत राहिला, तो आज माझ्या मांडीवर येऊन बसला होता. पूर्वी राजा करायचा, आता जनक करतो. जनक म्हणजे शेवटी बापच की!

इथवर सगळी गंमत होती. घरी आल्यावर सौ.ने पोराला मुकुट चढवला, दृष्ट काढली, फोटो काढले. मी आपला सहज म्हणालो, “बघ, सगळ्या वर्गातून सरांनी तुलाच निवडलं.”

पोरगा आरशात बघत म्हणाला, “मला कुठं? आधी त्याला निवडलं होतं.” आणि त्याने आमच्या बँकेबाहेरच्या चहाच्या गाड्यावरच्या मामांच्या मुलाचे नाव घेतले. “ड्रेस आणायला सांगितल्यावर तो म्हणाला, मला पाठांतर होत नाही. खोटं बोलतोय पप्पा. त्याला सगळ्यांचं पाठ आहे. माझंसुद्धा!”

मुकुट माझ्या डोक्यावर नव्हता, तरी मला जड झाला.

आम्हा कॉमर्सवाल्यांना धर्मशास्त्र ठाऊक नसते, पण एक गोष्ट हाडात मुरलेली असते. एका खात्यात रक्कम जमा झाली की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात ती नावे पडलीच पाहिजे. जगात नुसते जमा असे काही नसते. मग माझ्या पोराच्या खात्यावर जो राजमुकुट जमा झाला, तो नावे कोणाच्या पडला? मला वाटत होते, माझ्या. सातशे तीस रुपये! आता कळले की खरी नोंद दुसऱ्याच पानावर होती, आणि तिथे सही होती एका अकरा वर्षांच्या पोराची. बापाला सातशे रुपये मागायला लागू नयेत म्हणून त्याने स्वतःला मठ्ठ ठरवून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मामा चहा घेऊन काउंटरशी आले. मी आडून आडून विषय काढला, “काय मामा, पोरगं नाटकात आहे का यंदा?”

“न्हाई सायेब,” मामा कप ठेवत म्हणाले, “त्याला त्या नाटकाफिटकाचं याड न्हाई. त्याला आपला अभ्यास बरा.” आणि असे काही हसले, की अभ्यासू पोराचा बाप कसा हसतो ते मला पहिल्यांदाच कळले. कारण माझ्या घरात तो प्रसंग आलेला नाही.

आता मी काय करायला हवे होते, सांगा. खरे सांगावे, तर पोराने एवढ्या कष्टाने उभारलेले खोटे मी एका कपाच्या वेळात पाडले असते, आणि बापाला कळले असते ते हे, की पोराने आपली ऐपत आपल्याआधी मोजली. गुपचूप सातशे रुपये भरून त्याला पोशाख आणून द्यावा, तर जे झाकायला तो खोटे बोलला तेच अंगावर घालून त्याला गावासमोर उभे करायचे. धर्मराजाला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणायला युद्धाचा गलका तरी आडोशाला होता. इथे भर बँकेत स्टेपलरचा आवाज, बस्स. मी चहा प्यालो. गप्प बसणे हा आमच्या नोकरीतला पहिला धडा आणि तो मला उत्तम येतो. पण त्या दिवशी चहा गोड लागला नाही, आणि साखर काही कमी नव्हती.

संमेलनाच्या दिवशी मंडप फुल्ल. पडदा वर गेला आणि सिंहासनावर आमचे चिरंजीव दिसले. काय ते तेज! दोन वाक्ये बोलले आणि थांबले. राजाने असे थांबणे शोभून दिसते, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी थांबले तेव्हा मात्र विंगेतून एक बारीक आवाज आला. जनक बोलला. पुढे राम अडखळला, आवाज आला, राम बोलला. रावणाची मिशी सुटली, तो ती धरण्यात भाषण विसरला, आवाज आला. मामांचा पोरगा साध्या शाळेच्या गणवेषात पडद्याआड उभा राहून मिथिलेचे सगळे राज्य चालवत होता.

भाव्यांच्या नाटकातही असेच असे म्हणतात. नटमंडळी भारी पोशाखात, राक्षस तर तलवारी घेऊन अलल्‌डुर्र करीत रंगमंच हादरवणार, पण सगळे आख्यान गाऊन पुढे न्यायचे ते सूत्रधाराने. फरक एवढाच की तो लोकांच्या डोळ्यांसमोर उभा असे.

म्हणजे मग राजाला राजा करते ते काय? मुकुट? मी शाळेत असताना आमच्या गुरुजींकडे पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात पुठ्ठ्याला सोनेरी कागद डकवलेला एक मुकुट, तागाची दाढी, गुरुजींच्या घरातला जुना शालू एवढा संसार. जो पाठ करील तो राजा. मुकुट मोठा झाला तर आत वर्तमानपत्र घालायचे. आणि लोक मानायचे! तमाशाच्या वगात गडी एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावाला पोचतो, तेव्हा त्याच्याकडे एसटीचे तिकीट कोणी मागत नाही. राजा मुकुटाने होत नाही, समोरच्याने मान लववली की होतो. आणि मान लववायला भाडे पडत नाही.

तुम्ही म्हणाल, भारी पोशाखाची हौस असू नये काय? असावी की! कृष्णाकाठच्या नागठाण्याचे बालगंधर्व खरे शालू आणि खरी अत्तरे वापरीत आणि त्या थाटापायी कंपनी कर्जात बुडाली. असा कर्जदार माझ्या काउंटरला आला असता तर मी आधी नमस्कार केला असता आणि मग अर्ज नामंजूर केला असता. पण ती हौस त्यांनी स्वतःच्या नावे टाकली होती. पोराच्या नाही.

पालकसभेत मी धीर करून उठलो आणि म्हणालो, शाळेत एक पेटी ठेवू या. ज्याच्या घरी जे जुनेपाने असेल ते टाकावे, आणि काम पाठांतरावर द्यावे. सगळ्यांना पटले. मग पेटीची किल्ली कोणाकडे यावर चाळीस मिनिटे चर्चा झाली आणि सभा संपली. शेवटी मीच एक पत्र्याची पेटी घेतली. कुलूप लावले नाही, त्यामुळे किल्लीचा प्रश्न उरला नाही.

सौ.ने तिच्यात जुना शालू टाकला, मी पुठ्ठ्याचा मुकुट केला. मिशी होतीच, तीस रुपयांची. पोरगा हे सगळे बघत होता.

“पप्पा, म्हणजे पुढच्या वर्षी तो राजा?”

“पाठ असलं तर.”

“मग मी?”

“तू विंगेत. त्याला अडलं तर तू सांगायचं.”

पोरगा गंभीर झाला. मुकुट दोन्ही हातांत फिरवून बघितला, पेटीत ठेवला आणि म्हणाला, “पण पप्पा, पाठांतर भाड्यानं मिळतं का सांगलीत?”