आधी कोणी उतरायचं

अण्णा, म्हणजे माझे वडील, कीर्तनकार होते. नारदीय पद्धतीचे, वाईचे. उत्सवांच्या दिवसांत त्यांचा अर्धा संसार एसटीत असायचा. ते, पेटीवाले आणि तबलजी, तिघं लाल गाडीतून गावोगाव. मी मात्र शाळा सुटली की पसरणी घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजात जाऊन बसायचो. घाट उतरून आलेल्या ट्रकला ब्रेक लायनर जळाल्याचा एक वास असतो. तो मला आवडायचा, आणि हे घरी सांगायची सोय नव्हती.

एकदा अण्णांनी पूर्वरंगाला कठोपनिषदातला रथ घेतला. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन म्हणजे लगाम, बुद्धी ही सारथी, आणि रथात मालक म्हणून बसलेला आत्मा, तो रथी. मी तेव्हा तेरा वर्षांचा असेन. रात्री पानावर बसल्यावर विचारलं, “अण्णा, मालकाला गाडी चालवता येते का?”

“त्याला चालवायची नसते.”

“मग सारथी चुकतोय हे त्याला कळणार कसं?”

अण्णांचा हात ताटावर थांबला. मग म्हणाले, “आधी जेव.”

जेवलो. उत्तर राहिलं ते राहिलंच. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं मी गाड्या चालवतोय, आणि त्यातली बरीच चालवणूक त्या ताटावरच्या प्रश्नापायी झाली, असं आता वाटतं.

पुढे केव्हातरी लक्षात आलं की हा रथाचा धडा देणारा साक्षात यम आहे. नचिकेत त्याच्या दारात तीन रात्री उपाशी राहिला, त्याबदल्यात त्याला जे ऐकायला मिळालं त्यात हे सारथ्य येतं. मला हे अगदी योग्य वाटतं. वाहन चालवण्याच्या बाबतीत यमाइतका अधिकारी माणूस दुसरा कोण? हल्ली तो रस्त्यावरच्या फलकांवर रेड्यासकट येऊन नुसता घाबरवतो. उपनिषदात मात्र तो नीट समजावून सांगतो.

अडचण एवढीच की मोटारीत ते रूपक बसत नाही. रथात माणसं दोन असत, लढणारा वेगळा आणि हाकणारा वेगळा. मोटारीनं दोघांना एका सीटवर कोंबलं. स्टिअरिंग हातात आलं की मालकही मीच आणि चालकही मीच. अहंकार कसा दिसतो हे कुणाला पाहायचं असेल तर त्यानं संध्याकाळी सहा वाजता पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला उभं राहावं. सत्तर आत्मे, सत्तर हॉर्न.

मला माझे दोन भाग वेगळे झालेले दिसले ते १९९१ नंतर. त्या वर्षी मी १९८५ची प्रीमिअर पद्मिनी घेतली, दुसऱ्या हाताची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. उन्हाळ्यात बोरघाट चढताना पेट्रोलची वाफ धरायची आणि गाडी बंद पडायची. मग बॉनेट उघडून पेट्रोलपंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि रामरक्षा म्हणायची. रामरक्षा संपेपर्यंत पंप गार व्हायचा. यात श्रेय कोणाचं, यावर आमच्या घरी दोन पक्ष होते.

या गाडीतून आम्ही नवरा-बायको रॅल्यांना जाऊ लागलो. जोरात पळायच्या नव्हेत, वेळेच्या. त्यांना टीएसडी म्हणतात. हातात रोडबुक देतात, त्यात वळणांच्या छोट्या आकृत्या आणि प्रत्येक तुकड्याला नेमून दिलेला सरासरी वेग. १२.६ किलोमीटर ताशी ३६नं म्हणजे बरोबर २१ मिनिटं. वाटेत कुठेतरी झाडामागे खुर्ची टाकून घड्याळवाला बसलेला असतो, तो कुठे हे सांगत नाहीत. उशीर झाला की सेकंदागणिक दंड. लवकर आलात तर, आम्ही खेळलो त्या बहुतेक रॅल्यांत, दुप्पट. गीतेतलं समत्व मला अण्णांच्या कीर्तनातून कधी कळलं नव्हतं. ते कळलं समोर रिकामा सरळ रस्ता असताना ताशी ३६वर उजवा पाय आवरताना.

शेजारच्या सीटवर ही. बँकेत कॅश काउंटरला होती, आकडा चुकायची सवयच नाही. मांडीवर रोडबुक, हातात स्टॉपवॉच, नजर कागदावर. रस्ता ती जवळजवळ पाहतच नसे. आणि मला समोरचे पन्नास मीटर सोडले तर रस्त्याचं काहीच ठाऊक नसे. जिला ठाऊक होतं तिच्या हातात चाक नव्हतं, आणि चाक ज्याच्या हातात होतं त्याला ठाऊक नव्हतं. “अहो, चारशे मीटरवर डावीकडे कच्चा रस्ता.” मी वळायचो. का वळलो, तर ती म्हणाली म्हणून.

या शेजारच्या सीटचा इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस १ मे १९५५. इटलीतली मिल्ले मिलिया, ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशिया, सुमारे १६०० किलोमीटर, आणि तेही गावांतून, डोंगरांतून, रोजच्या रस्त्यांवरून. मर्सिडीज ३०० एसएलआर, तिचा नंबर ७२२, कारण सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. चालवायला स्टर्लिंग मॉस. शेजारी डेनिस जेनकिन्सन, ठेंगणा, दाढीवाला पत्रकार. त्यानं सरावात पाहिलेल्या वळणांच्या टिपणांची एक लांबच लांब कागदी गुंडाळी केली होती. ती अॅल्युमिनियमच्या डबीत बसवली होती आणि डबीच्या खिडकीतून वाचत तो पुढे पुढे गुंडाळत जाई. बोलण्याची यंत्रणा आधी लावून पाहिली, पण मॉस एकाग्र झाला की शब्द त्याच्या डोक्यात शिरेनात. मग हाताच्या खुणा ठरवल्या. वाटेत जेनकिन्सनला उलटी झाली, वाकला तर वाऱ्यानं चष्मा नेला. त्याच्याकडे दुसरा होता. (या माणसाबद्दलचा माझा आदर त्या दुसऱ्या चष्म्यापासून सुरू होतो.) पलीकडचं काही दिसत नाही अशा एका चढावाच्या टोकाला त्यानं खूण केली, पाय काढू नको. मॉसनं काढला नाही. ताशी २७०च्या आसपास गाडी जमीन सोडून उडाली आणि पुढे सरळ रस्त्यावर टेकली. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते परत आले. सरासरी ताशी १५७ किलोमीटर. हा विक्रम नंतर कुणी मोडला नाही.

त्या चढावापाशी मी बरेच वेळा जाऊन उभा राहतो, मनातल्या मनात. मॉसनं जे केलं त्याला लोक श्रद्धा म्हणतील, आणि श्रद्धा म्हटलं की आपल्याकडे एक तर हात जोडले जातात नाही तर नाक मुरडलं जातं. पण ती खूण कशी तयार झाली ते पाहा. दोघं तो रस्ता पुन्हा पुन्हा फिरले होते, थांबून वाद घातले होते, अपघातही केले होते. ‘पाय काढू नको’ हे तीन शब्द संशय घेऊन घेऊन, खोडून खोडून कमावलेले. संशय घ्यायचा तो ताशी ४०वर घ्यावा. २७०वर घेतला तर शेजारच्याचाही जीव जातो.

हे समजल्यावर गीता मला वेगळी दिसली. अर्जुनानं जेवढे प्रश्न विचारले ते सगळे उभ्या रथात. गाडी दोन सैन्यांच्या मध्ये न्यायला सांगितली, थांबवली, आणि मग अठरा अध्याय होईपर्यंत चाक हललं नाही. सारथीही घाई करत नाही. शेवटी तो म्हणतो, नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. एकदा चाक फिरल्यावर मात्र चर्चा नाही.

शेजारी बसलेल्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९५७ साली याच शर्यतीत गुइदिझोलो गावाजवळ आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो गेला, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन गेला, रस्त्याकडेला उभे असलेले नऊजण गेले, त्यांत पाच मुलं. मिल्ले मिलियाची खरी शर्यत तिथे संपली. रस्ता सांगणाऱ्याला वेगळी गाडी नसते. त्याच गाडीत, त्याच पट्ट्यानं बांधलेला असतो. ट्रकच्या मागे देवाची कृपा लिहिलेलं वाचतो तेव्हा मनात येतं, देव स्टिअरिंग धरत असेल यावर माझा विश्वास नाही. तो असलाच तर डावीकडच्या सीटवर असेल, मांडीवर नकाशा घेऊन, आणि दरीत गेलोच तर सोबत जायच्या तयारीनं.

प्रत्येक आवाज त्याचा असतो असं मात्र नाही. कर्णाच्या रथावरही सारथी होता. शल्य घोड्यांचा उत्तम जाणकार, पण कर्णाचा तेजोभंग करायचा शब्द आधीच युधिष्ठिराला देऊन आलेला. सगळ्या महाभारतात मला त्या रथाइतका एकटा रथ दिसत नाही. आणि सद्हेतूचा आवाजही नडतो. १९८८ला मोनाकोच्या पात्रता फेरीत आयर्टन सेन्ना हा शर्यतपटू तशीच गाडी चालवणाऱ्या सहकारी प्रोस्टपेक्षा जवळजवळ दीड सेकंद वेगवान होता. मोटारशर्यतीत दीड सेकंद म्हणजे दोन गल्ल्या. नंतर त्यानं सांगितलं की आपण जाणीवपूर्वक चालवतच नव्हतो, एका बोगद्यात असल्यासारखं झालं होतं, आणि हे ध्यानात आलं तेव्हा भीती वाटून तो सावकाश परत आला. म्हणजे अण्णांच्या रथातला सारथी उतरला होता आणि गाडी तरी चाललीच होती! दुसऱ्या दिवशी शर्यतीत तो कितीतरी पुढे होता. संघानं रेडिओवर सांगितलं, आता जपून, वेग कमी कर. त्यानं कमी केला, लय तुटली, आणि अकरा फेऱ्या उरल्या असताना गाडी कठड्याला लागली. सल्ला बरोबर होता. वेळ चुकली.

माझी स्वतःची फजिती याहून साधी आहे. पावसाळी रॅली, आंबेनळी घाट, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे. धुकं असं की बॉनेटचं टोक दिसेना. ही सांगत होती, “सरळ, अजून नऊशे मीटर सरळ.” पण मला पुढे एका ट्रकचे दोन लाल दिवे दिसत होते. कागदातल्या नऊशे मीटरपेक्षा डोळ्यांपुढचे लाल दिवे जास्त खरे वाटतात. मी त्यांच्या मागे लागलो. ते डावीकडे सरकले, मीही सरकलो. ते थांबले, मीही थांबलो. दार वाजलं, ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, “काय पाव्हणं, तुमी पण चा घेणार का?” आम्ही एका टपरीच्या अंगणात उभे होतो. ज्याला वाटाड्या समजलो तो आपल्या चहाला चालला होता. सहा मिनिटांचा दंड झाला. ही काही बोलली नाही. रोडबुकात पेन्सिलीनं फक्त ‘चहा’ लिहिलं. आयुष्यात मी ज्यांच्या मागे लागलो अशा दोन-तीन थोर माणसांच्या नावापुढे तो शब्द मी नंतर मनातल्या मनात लिहिला आहे.

जुन्या रस्त्यानं बोरघाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. लोक सांगतात की शिंग्रोबा धनगर होता, घाटातून वाट कुठून जाईल ते त्यानं इंग्रजांना दाखवलं, आणि त्यांनी बक्षीस म्हणून गोळी घातली. इतिहास म्हणून मी या गोष्टीवर पैज लावणार नाही. पण ड्रायव्हर लोकांनी देव कुणाला केलं, ते लक्षात घ्या. रस्ता बांधणाऱ्या साहेबाला नाही आणि सगळ्यात वेगानं घाट चढणाऱ्यालाही नाही, वाट ठाऊक असलेल्या, पायी चालणाऱ्या माणसाला.

गेल्या खंडेनवमीला आमच्या गॅरेजवाल्यानं पद्मिनी लिफ्टवर घेतली. खालून बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. हत्यारांना हळदकुंकू वाहिलेलं, त्यामुळे त्या दिवशी पान्याला हात लावायचा नव्हता. नुसतं पाहायचं. या गाडीला वेगळी चेसी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. तो म्हणाला, “काका, खालची पट्टी दोन्ही बाजूंनी गेलीय. दारं बंद असतात म्हणून गाडी उभी आहे. दोन्ही बाजूंची दारं एकदम उघडत जाऊ नका.”

मला अण्णांचा एक उत्तररंग आठवला. युद्ध संपल्यावर शिबिरापाशी रथ थांबतो. रीत अशी की सारथ्यानं आधी उतरायचं. कृष्ण म्हणतो, आज तू आधी उतर, गांडीव आणि भाते घेऊन. अर्जुन उतरतो. मग कृष्ण उतरतो, ध्वजावरचा वानर नाहीसा होतो, आणि रथ घोड्यांसकट भडकून राख होतो. द्रोणाच्या आणि कर्णाच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळलेला होता. कोणीतरी बसून होतं म्हणून तो चालत होता. हे सांगताना अण्णा चिपळ्या खाली ठेवायचे.

पद्मिनी मी विकलेली नाही. रविवारी सकाळी आम्ही तिला कात्रजपर्यंत नेऊन आणतो, ताशी ३६नं, जुनी सवय. परत आलो की इंजिन बंद करतो आणि दोघंही क्षणभर तसेच बसून राहतो, कारण दारं एकदम उघडायची नाहीत.

“तुम्ही उतरा आधी,” ही म्हणते.

“तू उतर.”

गेल्या रविवारी यात चांगली दोन मिनिटं गेली. तिनं घड्याळ बघितलं होतं.