मासा आणि मणका



मिस्सेत गुडघे टेकायची वेळ आली, की मागच्या बाकांवरचे काही जण बसूनच राहतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "मणक्यात गॅप आहे." सांगलीच्या यार्डात हळदीची पोती वाहिलेली पाठ असो, की साताऱ्याकडच्या फडात उसाच्या मोळ्या उचललेली, दोन मणक्यांमधली गादी एकदा झिजली की माणसात ती पहिल्यासारखी होत नाही.

झेब्राफिश या चिमुकल्या, पट्टेरी माशाचे तसे नाही. हा मूळचा आपल्याच देशाकडच्या नद्या-ओढ्यांतला. त्याचा पर कापला तर पुन्हा येतो. हृदयाचा तुकडा काढला तरी ते भरून येते, हे २००२ मध्ये दिसून आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याच्या मणक्यांमधल्या गादीचा अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गादीतल्याच पेशींतून स्रवणारे 'सीसीएन-टू-ए' हे प्रथिन नव्या पेशी वाढवते आणि म्हाताऱ्या माशाची झिजलेली गादीही सुधारू शकते. माणसाचे औषध अजून दूर आहे.

पण हे कळावे म्हणून मासे जखमी करावे लागतात, मारावेही लागतात. तो अधिकार आपल्याला कोणी दिला?

प्रश्न जुना आहे. इटलीतील लाझ्झारो स्पाल्लान्झानी यांनी पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडरचे पाय आणि गोगलगाईंची डोकी कापून ती पुन्हा उगवतात का ते पाहिले व १७६८ मध्ये ते प्रसिद्ध केले. ते स्वतः धर्मगुरू होते! आजच्यासारखी भूल तेव्हा नव्हती. वाचताना आमच्या अंगावर काटा येतो.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ असे प्रयोग सरसकट निषिद्ध मानत नाही. ते मर्यादेत असावेत आणि माणसांचे जीव वाचवण्यास वा त्यांची शुश्रूषा करण्यास उपयोगी पडावेत, असे तो सांगतो. विनाकारण प्राण्याला यातना देणे मात्र माणसाच्याच प्रतिष्ठेला सोडून आहे.

त्या 'विनाकारण' शब्दापाशी आम्ही अडतो. प्रयोगशाळेला तो विचारायलाच हवा. पण वयाने झिजलेली गादी वेगळी आणि ओझ्याने झिजवलेली वेगळी. पोत्याचे वजन कमी करून घेण्यासाठी हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ट्रक लवकर भरावा म्हणून एका खेपेत दोन पोती उचलायला लावणारे आपल्यातही असतील. आम्ही तरी तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर आणणाऱ्या पोराला जिन्यात कधी हात दिला? जे दुखणे आपणच टाळू शकतो, त्याच्यासाठी माशाचा जीव मागायला आमची जीभ रेटत नाही.

येत्या सणाला मांडवाचे खांब आणि बाके हलवायची आहेत. दरवर्षी ते काम दोनच गड्यांवर पडते. यंदा मिस्सा संपल्यावर लगेच घरी न जाता धडधाकट मंडळींनी थोडा वेळ थांबावे.