रंगाऱ्याचा स्वधर्म, गिऱ्हाइकाचा स्वधर्म

गावाचा धंदा बुडतो तेव्हा त्या गावाचा धर्मही उणावतो काय, हा प्रश्न फैजपूरच्या बाबतीत केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही. खानदेशातील सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव एकोणिसाव्या शतकात गडद निळ्या व तांबड्या रंगाच्या सुती कापडासाठी नावाजलेले होते. निळीच्या पिंपातून काढलेले कापड प्रथम हिरवट दिसते आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळे होते; तांबड्यासाठी खानदेशात आल नावाचे झाड लावीत, त्याची मुळे दोन-तीन वर्षे जमिनीत वाढू देत आणि तुरटीच्या साहाय्याने त्यांचा रंग धाग्यावर पक्का बसवीत. रंगाऱ्याच्या हातामागे अशी शेजाऱ्यांची साखळी उभी असे. आलीप्रमाणेच तांबडा रंग देणाऱ्या मंजिष्ठेच्या मुळांतील द्रव्य 1868 साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले, 1897 पासून कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि ही साखळी तुटत गेली.

याला काळाचा महिमा म्हणून स्वस्थ बसणे हे वैराग्य नव्हे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली; तेथे स्वधर्म, म्हणजे वाट्याला सहज आलेले कर्तव्य, आईप्रमाणे जन्माबरोबरच लाभतो असे प्रतिपादन आहे. परंतु त्याचा अर्थ रंगाऱ्याच्या मुलाने निळीचे पिंप सोडू नये असा लावला, तर धर्माच्या नावाने जातीची बेडीच पक्की होते. फैजपूरच्याच धनाजी नाना महाविद्यालयात शिकून त्याने दुसरे काम पत्करले, यात कोणताही अधर्म नाही.

मग ढळले ते काय? गांधीजींच्या विचारात स्वदेशी म्हणजे सर्वांत जवळच्या शेजाऱ्याच्या सेवेचे व्रत, आणि त्याचा भार कारागिरापेक्षा गिऱ्हाइकावर अधिक पडतो. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपुरास भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी अधिवेशनाचे नगर बांबूसारख्या साध्या सामग्रीतून सजवले आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही मांडले गेले; जवळच्या हातांना काम देणे हीच तेथे उपासना होती. अधिवेशन उठले, बांबू उतरले, पण विकत घेणाऱ्याची सवय पालटली नाही. आज फैजपूरच्या आसपासच्या यावल-रावेर भागातील केळी उत्तरेच्या बाजारांत जातात व त्यांचा पैसा परिसरात येतो. मात्र त्या पैशातून घेतलेल्या कापडात शेजारच्या कोणाचे श्रम आहेत, हे विचारण्याचे कर्तव्य रंगारी गेल्यावरही त्या गिऱ्हाइकाकडेच राहते.