न्याय देवाचा, साक्ष आपली

३१ मार्च २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या मंडल्याचे आदिवासी कॅथलिक भाविक जुबिली वर्षाच्या यात्रेसाठी बसने जबलपूरला आले होते. जमावाने बस अडवून त्यांना रांझी पोलीस ठाण्यात नेलं. त्यांच्या मदतीला धावलेल्या धर्मगुरूंना ठाण्यातच मारहाण झाली आणि गुन्हा नोंदला गेला तो काही दिवसांनी. त्यावरून एका मराठी ख्रिस्ती घरातला हा संवाद. मावशी निवृत्त शिक्षिका, भाचा हायकोर्टात वकील.

भाचा: मावशी, मंडळीतले काही जण म्हणतात, केसच्या भानगडीत पडू नका, देव बघून घेईल. मारणाऱ्यांना तर हेच हवं असतं!

मावशी: अरे, सूड देवावर सोपवा, असं पौल रोमकरांस लिहितो ते बाराव्या अध्यायाच्या शेवटी. लगेच तेराव्यात म्हणतो, वाइटाला शासन करायलाच राज्यकर्ता नेमलाय. माझ्या शास्त्रात दोन्ही एकाच पानावर आहेत. फिलिप्पैत त्याला चौकशीविना फटके मारले, तेव्हा तो गुपचूप निघून जायला तयार झाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडवावं, म्हणाला. पुढे कैसराकडे दादही मागितली.

भाचा: मग देवावर सोपवायचं काय?

मावशी: मनातला सूड. सिस्टर राणी मारिया आठवतात? त्याच मध्य प्रदेशात, उदयनगरजवळ, १९९५ मध्ये बसप्रवासात त्यांना भोसकून मारलं. आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवत होत्या म्हणून. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याच्या हाताला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला.

भाचा: पण आधी शिक्षा झाली होती, मावशी. ज्यांच्या केसमध्ये साक्षीदार फुटले, आरोपी सुटले, त्यांनी काय करायचं? मृत्युपूर्व जबानी नसेल तर आमच्या कोर्टात मेलेला माणूस बोलत नाही.

मावशी: माझा सगळा विश्वास तिथेच टेकलाय. आपल्या श्रद्धेत आधी पुनरुत्थान, मग न्याय. ज्याला मारलं तो त्या दिवशी स्वतः हजर असेल, त्याला कुणी गप्प करू शकणार नाही. आणि मीही तिथे उभी असेन, माझा हिशेब द्यायला. दुसऱ्याच्या शिक्षेकडे डोळे लावून बसलं की हे विसरायला होतं.

भाचा: हबक्कूक संदेष्ट्याने तर देवालाच जाब विचारला होता.

मावशी: देव त्याच्यावर रागावला नाही. थांब म्हणाला. ते थांबणंच मला जड जातं, रे. तुमच्या कोर्टात तारीख तरी कळते.

मावशींचं हे शेवटचं बोलणं मला सगळ्यांत खरं वाटतं. देवाच्या न्यायावर भरवसा ठेवणाऱ्यालाही ताटकळावं लागतं, रडू येतं, शंका येते. त्यामुळे तो भरवसा खोटा ठरत नाही. खोटा ठरतो तो पाहिलेलं सांगायची वेळ आल्यावर देवाचं नाव पुढे करून घरी बसलं की. ज्यांनी रांझीची मारहाण डोळ्यांनी पाहिली, त्यांनी प्रार्थना जरूर करावी, आणि आपली जबानीही नोंदवावी.